विजेचा झटका आणि बुरशीचें उत्पादन

पावसाळ्याच्या आरंभीं आकाश गडगडून विजा चमकूं लागल्या, कीं दोनचार दिवसांत वारुळांवर आणि कुजलेल्या पाल्याखालीं अळंबीं डोकें वर काढतात, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. हीं अळंबीं विजेमुळें उगवतात, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो; आणि तो केवळ आपल्याच देशांत आहे असें नव्हे. प्लूटार्क नांवाच्या ग्रीक ग्रंथकारानें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं, मेघगर्जनेनें भुईंतील कवकें उत्पन्न होतात असें लोक कां समजतात, या प्रश्नावर चर्चा लिहून ठेविली आहे. जपानांतील शेतकरी तर वीज पडलेल्या जागीं अळंब्यांचें पीक भरघोस येतें, असें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

असा समज कानावर आला म्हणजे कोणी तो अडाणीपणा म्हणून हंसण्यावारी नेतो, तर कोणी वाडवडील सांगतात त्याअर्थीं खरेंच असें समजून मान डोलावतो. शेतकऱ्यास शोभणारा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. तो म्हणजे वजनकांटा हातीं घेऊन तोलून पाहण्याचा. विजेच्या साह्यानें बुरशीकडून अधिक काम करून घेतां येईल काय, याचा गेलीं कित्येक वर्षें प्रयोगशाळांतून विचार चालू आहे. त्यांतून काय निष्पन्न झालें आणि शेतकऱ्यानें त्यांतून काय घ्यावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांच्याकडे धिंगरी अळंब्यांच्या पिशव्या टांगलेल्या आहेत, ज्यांच्या उंसाची मळी आसवनीकडे जाते, आणि ज्यांच्या दारीं विजेच्या नव्यानव्या उपकरणांचे विक्रेते येतात, त्या सर्वांचा या विषयाशीं संबंध आहे.

बुरशी हा एक कारागीर

शेतकऱ्यास बुरशी ठाऊक असते ती मुख्यत्वें शत्रु म्हणून. चाळींतील कांद्याच्या पापुद्र्यांवर जी काळी भुकटी धरते, ती ॲस्परजिलस नायजर नांवाची काळी बुरशी होय. परंतु हीच बुरशी कारखान्याच्या टाकींत साखरेच्या पाण्यावर वाढविली, तर ती लिंबांतील सायट्रिक आम्ल तयार करून देते. बुरशी साखरेपासून हें आम्ल करूं शकते, असें वेमर या जर्मन शास्त्रज्ञानें १८९३ सालीं दाखविलें. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंतील जेम्स करी यानें काळ्या बुरशीकडून तें भरपूर कसें मिळवावें, याची रीत प्रसिद्ध केली. तोंपर्यंत जगास हें आम्ल मिळत असे तें मुख्यतः इटलींतील लिंबांपासून. बुरशीच्या टाक्या चालूं झाल्यावर सिसिलींतील लिंबाच्या बागाईतदारांचें हें गिऱ्हाईक हातचें गेलें, आणि आज जगांत खपणारें जवळजवळ सर्व सायट्रिक आम्ल बुरशीचेंच असतें.

हा वृत्तांत आम्ही मुद्दाम देतों. टाकींत वाढणाऱ्या बुरशीच्या वागणुकींत थोडा जरी फरक पडला, तरी त्याचा परिणाम दूरच्या शेतकऱ्याच्या मालावर होतो, हें त्यावरून दिसून येईल. लिंबवाल्याचें नुकसान झालें, पण साखर आणि मळी देणाऱ्याचें गिऱ्हाईक वाढलें. आपल्या प्रांतांतही पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं सरकारी कारखाना स्थापन होऊन बुरशीपासून पेनिसिलीन हें औषध निघूं लागलें. आंबवण्याचा धंदा हा शेतीच्या मालावर उभा असलेला धंदा आहे, हें शेतकऱ्यानें विसरूं नये.

पेशींतील वीज

आतां विजेकडे वळूं. बुरशीचें शरीर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचें जाळें. हा तंतु टोकाशीं वाढतो आणि वाढतां वाढतां त्यास फांट्या फुटतात. तंतूच्या आंतील द्रव आणि बाहेरील पाणी यांमध्यें एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. एका सेंटिमीटरचे साडेबारा लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाइतकी त्याची जाडी भरेल. या पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंस विजेच्या दाबाचा फरक असतो. न्युरोस्पोरा नांवाच्या बुरशींत तो सुमारें ०.२ व्होल्ट असल्याचें १९६० नंतरच्या दशकांत मोजून पाहण्यांत आलें. ०.२ व्होल्ट ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु इतक्या पातळ पापुद्र्यावर तो पडत असल्यानें, हिशेब केला असतां दर सेंटिमीटरला अडीच लाख व्होल्ट इतकें तें क्षेत्र होतें. बुरशी आपलें अन्न आंत ओढून घेते, तें मुख्यतः याच दाबाच्या जोरावर. विहिरीवरील पंप पाणी वर चढवितो, त्याचप्रमाणें पापुद्र्यांतील सूक्ष्म पंप आम्लाचे कण सतत बाहेर टाकून हा दाब कायम राखतात.

म्हणजे बुरशी ही स्वतःच विजेवर चालणारी वस्तु आहे. तेव्हां बाहेरून वीज लावली असतां तिच्यावर कांहीं परिणाम होईल, ही कल्पना निराधार नाहीं. प्रश्न आहे तो किती, कसा आणि कोणत्या खर्चानें, एवढाच.

बाहेरून लावलेल्या क्षेत्राचा परिणाम त्याच्या जोराप्रमाणें बदलतो. पहिली पायरी सौम्य क्षेत्राची. एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या व्यासाची गोल पेशी घेतली आणि दर सेंटिमीटरला १० व्होल्टांचें क्षेत्र लावलें, तर तिच्या पापुद्र्यावरील दाबांत साडेसात हजारांश व्होल्टांचा, म्हणजे मूळच्या दाबाच्या सुमारें चार टक्के इतकाच फरक पडतो. एवढ्यानें पेशी मरत नाहीं, परंतु तंतूंस दिशा कळते. सौम्य क्षेत्रांत कांहीं जातींचे तंतु धन टोंकाकडे, तर कांहींचे ऋण टोंकाकडे वळतात, आणि फांट्याही त्याच बाजूस अधिक फुटतात, असें १९८० नंतरच्या दशकांतील प्रयोगांत दिसून आलें.

दुसरी पायरी तीव्र क्षणिक झटक्यांची. वरील मापाच्या पेशीच्या पापुद्र्यावर बाहेरून १ व्होल्टाचा दाब आणावयाचा झाल्यास दर सेंटिमीटरला सुमारें १३३० व्होल्टांचें क्षेत्र लागतें. पेशी निम्म्या व्यासाची असेल तर दुप्पट लागतें. इतका दाब पडला म्हणजे पापुद्र्यांत सूक्ष्म छिद्रें पडतात. झटका आंखूड असला, तर हीं छिद्रें पुनः मिटतात आणि पेशी जगते. मधल्या वेळांत बाहेरील पदार्थ आंत व आंतील पदार्थ बाहेर जाऊं शकतात. याच युक्तीनें १९८२ सालीं नॉयमान व त्यांचे सहकारी यांनीं प्राण्यांच्या पेशींत आनुवंशिक द्रव्य घातलें, आणि पुढें बुरशीच्या नव्या वाणांसाठींही तिचा उपयोग होऊं लागला.

तिसरी पायरी संहाराची. झटके आणखी जोराचे आणि पुष्कळ झाले, तर छिद्रें मिटत नाहींत व पेशी मरते. सेल आणि हॅमिल्टन यांनीं १९६७ सालीं या रीतीनें जंतु व यीस्ट मारून दाखविले. फळांच्या रसांतील जंतु नष्ट करण्याकरितां आज ही रीत वापरण्यांत येते.

पाण्याचा जसा हात असतो तसाच हा विजेचाही हात आहे. थोडें पाणी रोपास जगवितें, पुष्कळ पाणी कुजवितें. ‘वीज बुरशीस हितकर आहे काय?’ हा प्रश्नच म्हणून अपुरा ठरतो. कोणत्या बुरशीस, किती दाबाची, किती वेळ, आणि तिच्या वाढीच्या कोणत्या अवस्थेंत, हें सर्व सांगितल्याशिवाय त्यास उत्तर नाहीं.

जपानांतील ओंडक्यांचे प्रयोग

आतां वीज व अळंबीं यांविषयींच्या त्या जुन्या समजाकडे येऊं. जपानच्या उत्तर भागांतील इवाते विद्यापीठांत ताकाकी व त्यांचे सहकारी यांनीं शिताके जातीच्या अळंब्यांवर विजेचे झटके देऊन पाहिले. हीं अळंबीं ओकच्या जातींतील झाडांच्या ओंडक्यांवर लावतात. बी घातल्यावर बुरशीचें जाळें ओंडक्यांत पसरण्यास एक ते दोन वर्षें लागतात व त्यानंतर अळंबीं निघूं लागतात. अशा तयार ओंडक्यांस सुमारें ५० हजार ते १ लाख व्होल्ट दाबाचे झटके देण्यांत आले. प्रत्येक झटका टिकतो तो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकाच. सन २०१० मध्यें या प्रयोगांचा जगभर बोलबाला झाला, तेव्हां शिताकेचें पीक झटके न दिलेल्या ओंडक्यांच्या दुपटीपर्यंत गेल्याचें सांगण्यांत आलें. इतर जातींत वाढ कमीजास्त होती, आणि कांहींवर परिणाम दिसलाच नाहीं.

असें कां व्हावें? संशोधकांचें अनुमान असें, कीं विजेच्या ओढीनें बारीक तंतु जागचे हलतात व कांहीं तुटतात. हा आघात म्हणजे बुरशीस संकटाची सूचना होते, आणि वंश राखण्यासाठीं ती फळें, म्हणजे अळंबीं, काढूं लागते. आंब्यास ताण बसला असतां मोहोर धरतो, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ही गोष्ट चमत्कारिक वाटूं नये. जपानी शेतकरी पूर्वींपासून ओंडके पाण्यांत भिजवून किंवा ठोकून अळंबीं लवकर काढीत आले आहेत. विजेचा झटका हा त्याच ठोकण्याचा अधिक बारीक प्रकार असावा.

येथें एक शंका घेणें अवश्य आहे. ओंडक्यांत बुरशीचें अन्न ठराविकच असतें. झटक्यानें पहिला बहर दुप्पट आला, पण पुढचे बहर तितकेच घटले, तर एकूण उत्पन्न वाढलें असें म्हणतां येणार नाहीं. केवळ पीक लवकर हातीं आलें, एवढेंच खरें. बाजारभाव चढलेला असेल तेव्हां त्यालाही किंमत आहे. परंतु हे दोन लाभ एक नव्हेत. त्याचप्रमाणें, निसर्गांत वीज एकटी येत नाहीं. तिच्याबरोबर पाऊस येतो, हवा थंड होते, मेघगर्जनेनें जमीन हादरते. त्यांपैकीं अळंबीं कशामुळें आलीं हें नुसतें पाहून सांगतां येणार नाहीं. जपानी प्रयोगाचें महत्त्व हेंच, कीं त्यांनीं वीज निराळी काढून तिची पारख केली.

कारखान्याच्या टाकींतील अडचणी

ओंडक्यावर साधलें तें टाकींत साधेल, असें मात्र नाहीं. प्रयोगशाळेच्या लहान भांड्यांत सौम्य वीज लावल्यानें आंबण्यास लवकर आरंभ झाला किंवा उत्पादन वाढलें, असे निष्कर्ष पुष्कळ प्रसिद्ध झाले आहेत. कारखान्यांत तीन अडचणी येतात, आणि साध्या अंकगणितानें त्या कोणासही समजतील.

पहिली अडचण अंतराची. दर सेंटिमीटरला १००० व्होल्टांचें क्षेत्र हवें असेल, तर एक सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यास १००० व्होल्ट पुरतात. परंतु तीन मीटर रुंदीच्या टाकीस तीन लक्ष व्होल्ट लागतील. म्हणून सबंध टाकीस वीज न लावतां द्रव एका अरुंद फटींतून नेऊन तेथें झटके द्यावे लागतात. परंतु बुरशीच्या तंतूंचे गोळे अशा फटींत अडकतात किंवा चिरडले जातात. यीस्टचे सुटे दाणे मात्र सहज जातात. यामुळेंच फळांचे रस व यीस्ट यांच्या कामीं ही विद्या पुढें गेली व तंतुमय बुरशीच्या कामीं मागें राहिली.

दुसरी अडचण उष्णतेची. मळीचें पाणी क्षारयुक्त असल्यानें त्यांतून वीज सहज वाहते. समुद्राच्या पाण्याच्या एकपंचमांश इतकी त्याची वहनशक्ति धरली, आणि वरील जोराचा झटका सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाइतका वेळ दिला, तरी एक लिटर द्रवांत सुमारें एक हजार ज्यूल शक्ति खर्च होते व त्याची उष्णता पाव अंशानें वाढते. असे शंभर झटके पाठोपाठ दिले, तर ती चोवीस अंशांनीं वाढून बुरशी शिजून जाईल. म्हणून झटके थोडे, आंखूड आणि थांबून थांबून द्यावे लागतात, व द्रव थंड करण्याचा खर्च निराळा येतो.

तिसरी अडचण धातूची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. द्रवांत बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांतून वीज गेली म्हणजे पट्ट्या थोड्याथोड्या झिजून धातु द्रवांत उतरतो. सायट्रिक आम्ल करणारी काळी बुरशी मँगनीज या धातूच्या बाबतींत इतकी नाजुक आहे, कीं द्रवाच्या अब्जांश प्रमाणांत जरी तो थोडा वाढला, तरी आम्लाचें उत्पादन घसरतें. लोहाचेंही तिला वावडें आहे. मळींतील हे धातु काढून टाकण्याकरितां कारखानदार तींत पोटॅशियम फेरोसायनाइड घालून ती शुद्ध करतात. एकीकडे खर्च करून धातु काढावयाचे आणि दुसरीकडे पोलादी पट्ट्यांतून तेच पुनः घालावयाचे, असा व्यवहार कोण पत्करील? स्टेनलेस पोलादांतही मँगनीज असतेंच. यावर उपाय आहेत; परंतु त्यांचाही खर्च आहेच.

सारांश, बुरशीच्या मोठ्या टाक्यांत वीज लावून उत्पादन वाढविणें ही अद्याप शक्यतेच्या कोटींतील गोष्ट आहे. रोजच्या व्यवहारांतील नव्हे.

एक जुना धडा

वीज आणि शेती यांचा संबंध जोडण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. फिनलंडांतील लेमस्ट्रॉम या प्राध्यापकानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिकांवर तारा ताणून त्यांत वीज सोडण्याचे प्रयोग केले, व पीक वाढल्याचें प्रसिद्ध केलें. त्यावरून इंग्लंडांत एवढी उत्सुकता उत्पन्न झाली, कीं १९१८ सालीं तेथील सरकारनें सर जॉन स्नेल यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. समितीनें अनेक वर्षें गहूं, ओट, बार्ली इत्यादि पिकांवर प्रयोग केले. एका वर्षीं वाढ दिसे, दुसऱ्या वर्षीं दिसेनाशी होई. शेवटीं १९३६ सालीं, या रीतीपासून शेतकऱ्यास आर्थिक लाभ होण्याची आशा नाहीं, अशा निर्णयास येऊन काम बंद करण्यांत आलें.

अठरा वर्षांचें हें काम फुकट गेलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. एका वर्षाच्या एका वाफ्यावरून निर्णय करूं नये, हें त्यानें शिकविलें. असें असूनही तांब्याच्या तारा मातींत खोंचून पीक वाढविण्याची तीच कल्पना नव्या नांवानें पुनः फिरूं लागली आहे. तारा खोंचणारा आपल्या वाफ्यास पाणीही अधिक घालतो, लक्षही अधिक देतो, आणि यशाचें श्रेय मात्र तारेस देतो.

प्रयोग कसा करावा

कोणी विक्रेता अळंब्यांसाठीं विजेचें उपकरण घेऊन आला, तर त्यास हाकून देऊं नये आणि लागलीच पैसेही मोजूं नयेत. प्रयोग करून दाखविण्यास त्यास सांगावें, व तो पुढील नियमांनीं करावा.

एकाच दिवशीं, एकाच काडाच्या व एकाच बियाण्याच्या चाळीस पिशव्या भराव्या. चिठ्ठ्या टाकून त्यांतील वीस झटक्याकरितां व वीस तुलनेकरितां निवडाव्या. चांगल्या दिसणाऱ्या पिशव्या एका बाजूस जाऊं देऊं नये. दोन्ही गट एकाच खोलींत मिसळून टांगावे. झटका देण्याकरितां पिशवी खालीं उतरवावी लागते, हलते, आपटते. म्हणून तुलनेच्या पिशव्याही तितक्याच वेळां उतरवून, उपकरणास लावून, परंतु वीज न सोडतां, परत टांगाव्या. हा नियम पाळला नाहीं, तर विजेचा परिणाम कोणता व हालविण्याचा कोणता हें कळणार नाहीं. काढणी करणाऱ्यास कोणती पिशवी कोणत्या गटाची हें माहीत नसावें. प्रत्येक पिशवीचें वजन सर्व बहर संपेपर्यंत निराळें लिहावें व शेवटीं बेरीज करावी. एकदां निराळ्या ऋतूंत हा प्रयोग पुनः करावा. दोन्ही वेळां लाभ दिसला, व तो उपकरणाच्या किमतीचें व्याज, विजेचा खर्च आणि मजुरी भागवून उरला, तरच तो लाभ समजावा.

यापुढील गोष्ट आम्ही सर्वांत आग्रहपूर्वक सांगतों. हे उपकरण घरीं जुळविण्याचा प्रयत्न कोणीही करूं नये. रानडुकरांसाठीं कुंपणास लावावयाचें झटका यंत्र अळंब्यांस चालेल, असें कोणास वाटेल. परंतु त्याचा झटका निराळ्या दाबाचा व पुष्कळ अधिक लांबीचा असतो, आणि तो ओल्या खोलींत, ओल्या पिशव्यांमध्यें वापरण्याकरितां केलेला नाहीं. घरांतील २३० व्होल्टांची वीज सरळ लावणें तर आत्मघातच होय. कुंपणास अशी वीज सोडल्यानें माणसें व जनावरें दगावल्याच्या वार्ता आपण दरवर्षीं वाचतों. अळंब्यांच्या खोलींत जमीन ओली, भिंती ओल्या, हात ओले. तेथें तर धोका अनेकपट आहे. पिकाच्या शेरभर वाढीसाठीं घरच्या माणसाचा जीव पणास लावणें हा सौदा कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं.

अळंब्यांचें पीक आज ज्या कारणांनीं बुडतें, तीं बहुधा साधींच असतात: काड नीट उकळलेलें नसणें, बियाणें जुनें असणें, खोलींत ओल कमी किंवा हवा कोंडलेली असणें. तीं सुधारल्यावांचून विजेकडे वळणें म्हणजे फुटक्या बांधावर मोट चालविण्यासारखें आहे. तीं सुधारल्यावर मात्र, नव्या विद्येकडे डोळे उघडे ठेवून पाहावें. लिंबाचें आम्ल बुरशीपासून निघेल, हें सिसिलीच्या बागाईतदारांस कोणी सांगितलें असतें, तर त्यांनीं तें हंसण्यावारी नेलें असतें. विजेचें आज ठरलेलें नाहीं तें उद्यां ठरेल. आणि ठरेल तेव्हां, ज्यानें आपल्या पिशव्यांचीं वजनें वर्षानुवर्षें लिहून ठेविलीं आहेत, त्यालाच तें आपल्या कामाचें आहे कीं नाहीं हें प्रथम ओळखतां येईल.